नियमपुस्तकातलं मौन कसं वाचायचं? गोल्फच्या ग्रीनवरचा एक खड्डा

प्रबंधाची तयारी करताना एक वाक्य अगदी सहज लिहिलं जातं: ‘साधनांत उल्लेख नाही, म्हणजे प्रथा नव्हती.’ ते लिहिण्याआधी एक छोटं उदाहरण पाहू.

गोल्फमध्ये होलच्या भोवती बारीक कापलेली हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. उंचावरून चेंडू पडला की तिथे खळगा होतो. तो ज्याचा त्याने बुजवायचा, हा आजचा शिष्टाचार. छोटा काटा खळग्याच्या कडेला खुपसून गवत मध्याकडे ढकलायचं आणि पटरने थोपटायचं. खालून उचकटलं तर मुळं तुटतात.

आता 1744 मध्ये जाऊ. एडिंबराजवळच्या लीथला चांदीच्या क्लबसाठी स्पर्धा ठरली, तेव्हा खेळाडूंनी 13 नियम लिहून काढले. त्यात खळग्याबद्दल चकार शब्द नाही. मग ते लोक बेशिस्त होते का?

पहिलाच नियम वाचा: पुढचा डाव होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत चेंडू ठेवून सुरू करायचा. म्हणजे आज जिथे आपण जपून पाऊल टाकतो, तिथूनच तेव्हा जोरात फटका मारत! चौथ्या नियमात ‘फेअर ग्रीन’ हा शब्द येतो, पण तो खेळाच्या मोकळ्या गवताळ भागासाठी. शब्द ओळखीचा दिसला म्हणून अर्थही आजचाच असेल असं नाही. जपावी अशी वेगळी ग्रीनच नव्हती, तर ती जपण्याचा नियम कुठून येणार? 1860 च्या दशकात सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस मैदानाची निगा राखू लागले, ग्रीनवर वाळू पसरू लागले. अशी मेहनत जिथे ओतली जाते, तिथे खळगा हे ‘नुकसान’ ठरतं.

आता उलट बाजू. 2019 पूर्वीच्या नियमपुस्तकात शिष्टाचाराचा वेगळा विभाग होता. बुटांच्या खिळ्यांनी उखडलेलं गवत सगळ्यांचं खेळून झाल्यावर नीट करा, असं तो सांगायचा. पण तेच गवत स्वतःच्या चेंडूच्या वाटेत असताना आधीच दाबलं, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड! चेंडूचा खळगा मात्र आधीही बुजवता यायचा. कृती तीच, फटक्यानंतर केली तर सौजन्य, आधी केली तर लबाडी. 2019 मध्ये ग्रीनवरचं जवळपास सगळं नुकसान दुरुस्त करायला परवानगी मिळाली आणि ही खूण चेंडूची की बुटाची, हा वाद मिटला. खेळाडूच्या वागणुकीची अपेक्षाही मुख्य नियमांत आली.

म्हणून साधनातलं मौन दिसलं की तीन प्रश्न विचारा. ती वस्तू तेव्हा अस्तित्वात होती का? शब्दाचा अर्थ तोच होता का? आणि त्या कृतीतून फायदा कोणाचा होत होता?

शिवाय, नियम सापडला म्हणजे लोक तसंच वागत होते असंही सिद्ध होत नाही. उलट, ‘खळगे बुजवा’ असं पुन्हा पुन्हा सांगावं लागत असेल, तर बरेच जण ते न बुजवताच पुढे जात असणार. तुमच्या साधनातही असा एखादा वारंवार येणारा आदेश शोधा. प्रकरणाची सुरुवात कदाचित तिथेच असेल.