पेसमेकर बसवलाय, मग उशाशी ठेवायचं यंत्र कशासाठी?

पेसमेकर बसवला की दर काही महिन्यांनी तपासणीची फेरी ठरलेली. पण मधल्या काळात बॅटरी उतरली, हृदयात बसवलेली तार सरकली किंवा ठोके अनियमित पडू लागले तर? पेशंटला अनेकदा काहीच जाणवत नाही. त्यातही 'एट्रियल फिब्रिलेशन' हा अनियमितपणा फसवा. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर पक्षाघात होतो.

होम मॉनिटरिंगचा उपयोग इथेच आहे. उशाजवळचा छोटा ट्रान्समीटर (काही मॉडेल्समध्ये मोबाइल ॲप) बहुधा तुम्ही झोपेत असताना पेसमेकरमधली माहिती घेतो आणि मोबाइल नेटवर्कवरून हॉस्पिटलला पाठवतो. फ्रान्समध्ये ५३८ पेसमेकर पेशंटवर 'कॉम्पास' ही चाचणी झाली. घरून लक्ष ठेवलेल्या गटात हॉस्पिटलच्या मधल्या फेऱ्या ५६ टक्क्यांनी कमी झाल्या. पक्षाघातामुळे दाखल झालेले तिथे २, तर नेहमीच्या तपासणीच्या गटात ८.

पण ही रुग्णवाहिका नव्हे! अलर्ट आला की डॉक्टर त्याच क्षणी बघतील असं नाही, बऱ्याच ठिकाणी ते कामाच्या वेळेतच पाहिले जातात. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर थेट १०८ लावा.

आणि हो, फोन चार्ज करायला त्या यंत्राचा प्लग काढू नका.