दोन जिवांचं ताट: गरोदरपणातल्या साखरेचा इतिहास

"दो जीव से है, दो का खा." नागपूरच्या मोमिनपुऱ्यात गरोदर सुनेला हे वाक्य घरातली प्रत्येक मोठी बाई ऐकवते. मराठी घरांतही हेच सांगतात, फक्त भाषा बदलते. या वाक्यात माया आहे. पण दवाखान्यात 'शुगर वाढली' असं कळलं की तीच माया घाबरते आणि बाईचं जेवण तोडायला निघते. भात बंद, फळ बंद, अर्धी पोळी. दोन्ही टोकं चुकीची आहेत. इतिहास पाहिला की ते का, हे समजतं.

१८२४ मध्ये बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ या तरुण डॉक्टरने एका गरोदर स्त्रीची हकिकत आपल्या प्रबंधात नोंदवली. तिची तहान भागत नव्हती, लघवीत साखर जात होती. बाळ सुमारे १२ पौंडांचं भरलं आणि बाळंतपणातच दगावलं. बाळंतपणानंतर आईच्या लघवीतली साखर मात्र गेली. गरोदरपणातल्या मधुमेहाची ही सर्वात जुन्या नोंदींपैकी एक. पुढची जवळपास शंभर वर्षं मधुमेहावर खात्रीचा इलाज नव्हता. इन्शुलिनच्या आधी डॉक्टर रुग्णाला अक्षरशः उपाशी ठेवत. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन सापडलं आणि उपासमारीचा तो काळ संपला. आपल्या घरांतून तो अजून संपलेला नाही.

१९६४ मध्ये बोस्टनच्या ओ'सुलिव्हन आणि महान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांच्या तपासणीवरून निदानाचे आकडे ठरवले. त्यांचा प्रश्न आईबद्दल होता: हिला पुढे मधुमेह होईल का? बाळाचं काय, याचं ठोस उत्तर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलं. तिथे अशा १००० स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांना आहाराचा सल्ला, साखरेची नियमित तपासणी आणि गरज पडल्यास इन्शुलिन मिळालं, त्यांच्या बाळांमधले गंभीर धोके ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की इन्शुलिन पाचातल्या एकीलाच लागलं. बाकी चौघींचं काम आहार आणि देखरेखीवर भागलं.

आपल्याकडचे दोन धागेही सांगायला हवेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोंची. पण वजनाने कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त. म्हणून 'मी तर बारीक आहे, मला कशाची शुगर?' हे म्हणणं आपल्याला लागू पडत नाही. दुसरा धागा चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांचा. उपाशीपोटी या म्हटलं की गरीब बाई पुन्हा येत नाही, ही अडचण ओळखून त्यांनी सोपी पद्धत रुजवली: जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० किंवा जास्त आली तर निदान पक्कं. सरकारने हीच पद्धत स्वीकारली. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासणी सांगितली आहे. डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात किंवा जिथे नाव नोंदवलं असेल तिथे ती मागून घ्यावी.

निदान झाल्यावर सरकारी मार्गदर्शनानुसार पहिले दोन आठवडे आहार आणि चालणं. त्यानंतरही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० किंवा वर राहिली, तर औषध किंवा इन्शुलिन. ते घ्यावं लागलं म्हणजे बाई कुठे कमी पडली, असं नाही.

ताटाचं गणित अवघड नाही. भात पूर्ण सोडायचा नाही, वाटी ठरवायची. ज्वारीची भाकरी, डाळ, भरपूर पालेभाजी, दही, अंडं किंवा मासे. तीन जेवणं आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं. संत्रं सोलून खावं, रस काढू नये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चालावं, जेवणानंतर चाललं तर अधिक उत्तम. नागपूरच्या मे महिन्यात ते रात्री गच्चीवरही होतं.

रमजानचा प्रश्न येतोच. आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे, आणि स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर गरोदर स्त्रीने रोजे पुढे ढकलावेत, याला फिक्हमध्ये जागा आहे. दिवसभर उपास आणि मग इफ्तारला खजूर, शरबत, भजी, हा चढउतार तिला झेपणारा नाही. डॉक्टरांना विचारावं, आणि रोजा न ठेवणाऱ्या सुनेकडे घराने तिरक्या नजरेने पाहू नये.

बाळंतपणानंतर साखर बहुतेक वेळा उतरते आणि सगळे विसरतात. पण अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे सातपट असतो. सहा आठवड्यांनी तपासणी, आणि पुढेही ती चालू ठेवणं गरजेचं.

तिच्यासाठी वेगळं पथ्याचं ताट वाढलं की ते चार दिवस टिकतं. घरातल्या सगळ्यांनी भाकरी-भाजी खाल्ली आणि संध्याकाळी नवरा तिच्यासोबत चालायला निघाला, तर नऊ महिने टिकतं.