‘छावा’ मुलांना दाखवायचा का? ‘यूए १६+’ चा नेमका अर्थ समजून घ्या

‘महाराजांचा पिक्चर आहे, पोरांना दाखवायलाच पाहिजे.’

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ लागला आणि अनेक घरांत एवढ्या एका वाक्यावर तिकिटं काढली गेली. थिएटरमध्ये रडणाऱ्या, घोषणा देणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. पण या सिनेमाला सेन्सॉर बोर्डाने ‘यूए १६+’ प्रमाणपत्र दिलं होतं. मग दहा वर्षांचं पोरगं आत गेलंच कसं? थिएटरवाल्याचं चुकलं का?

नाही. कायद्याने हा निर्णय थिएटरवाल्याकडे दिलेलाच नाही. तो तुमच्याकडे दिलाय.

यूए १६+ म्हणजे बंदी नाही

आधी ‘यूए’ हा एकच वर्ग होता. १२ वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली सिनेमा पाहावा, एवढाच त्याचा अर्थ. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला आणि यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. हा आकडा पालकांसाठीची सूचना आहे. त्यावरून मुलाला दारात अडवायचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.

‘ए’ प्रमाणपत्राचं तसं नाही. तो सिनेमा १८ वर्षांखालच्यांना दाखवताच येत नाही, आई-वडील सोबत असले तरी.

‘छावा’त १६+ असण्यासारखं काय आहे?

१६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले आणि त्यानंतर त्यांचा अमानुष छळ करून त्यांना मारण्यात आलं. सिनेमाचा शेवटचा भाग या छळाचाच आहे. नखं उपटणं, जखमांवर मीठ चोळणं, डोळ्यांत तापलेल्या सळया, जीभ छाटणं, हे सगळं पडद्यावर बराच वेळ चालतं.

‘आजकालची पोरं मोबाईलवर याच्यापेक्षा जास्त मारामारी बघतात’ असं कुणी म्हणेल. पण मारामारीच्या पिक्चरमध्ये शेवटी हिरो जिंकणार हे मुलाला माहीत असतं. इथे ज्याला तो मनापासून मानतो, त्याचेच हाल होतात आणि ‘हे खरंच घडलंय’ असं घरचेच सांगतात. ‘अरे, खोटं असतं ते’ ही समजूत इथे कामाला येत नाही.

चरित्रपटाच्या बाबतीत आपली गफलत इथेच होते. दुसऱ्या सिनेमात असा प्रसंग आला की आपण चॅनल बदलतो. थोर माणसाचं चरित्र असलं की ‘चांगलंच असणार’ म्हणून मुलाला समोर बसवतो. माणूस कितीही थोर असला, तरी मुलाच्या डोळ्यांना दिसणारं दृश्य तेच असतं.

सिनेमा आणि इतिहास एकच का?

‘छावा’ शिवाजी सावंतांच्या याच नावाच्या कादंबरीवर बेतलेला आहे. म्हणजे आधी इतिहास, त्यावर कादंबरी आणि कादंबरीवर सिनेमा. प्रत्येक टप्प्यावर लेखकाची, दिग्दर्शकाची कल्पना मिसळत जाते. ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते सिनेमातून काढलं गेलं. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली.

सिनेमा खरा मानण्यात मोठी माणसंही मागे नाहीत. बुऱ्हाणपूरचा प्रसंग पाहून मध्य प्रदेशातल्या असीरगडजवळ लोक खजिन्यासाठी रात्री शेतं खणायला लागले होते. मग चौदा वर्षांच्या मुलाने पडद्यावरचा प्रत्येक संवाद खरा मानला तर नवल काय?

रक्तापेक्षा राग जास्त टिकतो

मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. ‘छावा’मुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकांच्या भावना जाग्या झाल्या, असं तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधिमंडळात म्हणाले होते. सगळं खापर सिनेमावर फोडता येणार नाही. पण सिनेमा पाहून आलेलं पोरगं लगेच मोबाईल उघडतं आणि त्याच विषयावरच्या रील्स, कमेंट्स त्याच्यासमोर येतात. घरातलं कुणी बोलायच्या आधी अल्गोरिदम बोलतो.

परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सगळ्या धर्मांची माणसं जातात. शाळेत एकाच बाकावर दोन्ही समाजांची मुलं बसतात. औरंगजेब १७०७ मध्येच गेला, त्याचा हिशोब बाकावरच्या मित्राकडे मागायचा नसतो, हे मुलाला घरातून कळलं पाहिजे. जो मुलगा हे समजून घेऊ शकतो, तो हा सिनेमा पाहायला बराचसा तयार आहे.

मग ठरवायचं कसं?

- १२ वर्षांपर्यंत: घाई नको. संभाजी महाराजांची गोष्ट तोंडी सांगा, पुस्तक द्या, गड दाखवा.
- १३ ते १५: आधी तुम्ही स्वतः पाहा. मग सोबत बसून दाखवा. शेवटी काय येणार आहे ते आधीच सांगा. तो भाग गाळला तरी बिघडत नाही.
- १६ आणि पुढे: एकत्र पाहा आणि नंतर बोला. ‘यातलं इतिहासात काय आहे आणि सिनेमात काय घातलंय?’ हा प्रश्न मुलालाच शोधायला द्या.

वय हा फक्त अंदाज आहे. रक्त पाहून घाबरणारं, रात्री दचकून उठणारं किंवा घरात नुकताच मृत्यू पाहिलेलं मूल सोळाचं असलं तरी थांबा.

‘छावा’ ११ एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्सवर आहे, त्यामुळे मूल तो एकटंच मोबाईलवर पाहण्याची शक्यता जास्त. २०२१ च्या नियमांनुसार १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी ओटीटीला पालकांसाठी लॉक द्यावंच लागतं. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा, वयाची मर्यादा लावा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन टाका.

आणि एक. पाहता पाहता मूल ‘बंद करा’ म्हणालं तर लगेच बंद करा. ‘मावळा असून रडतोस का?’ असं हिणवू नका. भीती वाटली म्हणून महाराजांबद्दलचा आदर कमी होत नाही. पण ‘घरात भीती बोलून दाखवायची नसते’ हे मात्र मूल त्या दिवशी शिकतं.