यमाईच्या वाटेवरचे संग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटले की शहर डोळ्यांपुढे येते. रुंद रस्ता, दाराशी तिकिटाची खिडकी, आत काचेच्या कपाटांपुढून मुकाट्याने सरकणारी माणसे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, पाऊस ज्या मुलखाकडे पाठ फिरवतो अशा मुलखात, एका डोंगराच्या अंगावर युरोपातल्या शिल्पांच्या प्रतिकृती, राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आणि हेन्री मूरचे माय-लेकराचे शिल्प एकाच छपराखाली नांदत असतील, हे न पाहिलेल्या माणसाला पटवणे कठीण जाते. पण औंधचे श्रीभवानी संग्रहालय तसे आहे खरे; आणि ते डोंगरावर आहे याला कारण आहे.

औंधचा डोंगर यमाईचा. गावात देवीचे एक मंदिर आहे, त्यापुढे उंच दीपमाळ आहे. परंतु मूळपीठ म्हणतात ते डोंगरमाथ्यावर. 'ये माई' या हाकेवरून यमाई, अशी लोकांनी आपल्यापुरती व्युत्पत्ती लावून घेतली आहे आणि भाषाशास्त्राने तीत ढवळाढवळ करू नये असे माझे मत आहे. पंतप्रतिनिधी घराण्याची ही कुलस्वामिनी. घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्रिंबक किन्हईचे. राजारामाच्या आणि ताराबाईच्या धामधुमीच्या काळात त्यांनी किल्ले राखले, परत मिळवले आणि प्रतिनिधिपद घराण्यात आणले. त्यांच्या वंशातले बाळासाहेब, म्हणजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, हे १९०९ साली औंधच्या गादीवर आले. संग्रहालय उभे केले ते त्यांनी, १९३८ साली. आणि जागा निवडली ती यमाईला जाणाऱ्या वाटेवरची.

या निवडीकडे लेखकांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. औंधच्या संग्रहालयावर लिहिणारा बहुतेक जण रविवर्म्यापाशी थांबतो, मूरपाशी आश्चर्य करतो आणि 'आडगावी एवढा ठेवा!' असा उद्गार काढून मोकळा होतो. त्या उद्गारात थोडा शहरी तोराही असतो. राजाला गावात वाड्याशेजारी इमारत बांधता आली असती. पुण्यात जागा घेणेही अशक्य नव्हते. पण बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. राजाने कमरेला उपरणे बांधून कीर्तनाला उभे राहावे, हे त्या काळी इतर संस्थानिकांना हसण्यासारखे वाटत असेलही. परंतु कीर्तनकाराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की श्रोते जिथे आपण होऊन जमतात तिथे आपण जावे. माणसे देवीला येणार होतीच. त्यांच्या वाटेवर चित्रे ठेवली की झाले.

म्हणून या संग्रहालयाचे वर्ष सरकारी दिनदर्शिकेने मोजून भागत नाही. मी तेथे निरनिराळ्या ऋतूंत गेलो आहे. उन्हाळ्यात डोंगर तापलेला असतो, पायऱ्यांवर चिटपाखरू नसते आणि दालनांत आपल्याच वहाणांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. चित्रांवर वरच्या बाजूने दिवसाचा उजेड यावा अशी इमारतीची योजना आहे, त्यामुळे आतही ऋतू कळतो. आषाढात ढग येतात, पाऊस फारसा देत नाहीत, पण चित्रांतले लाल रंग मात्र काळवंडून टाकतात. नवरात्रात वर्दळ सुरू होते. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. पोरांची रांग एका दारातून शिरते आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडते, आणि गुरुजींचा सगळा जीव कपाटांच्या काचा शाबूत राहण्यात गुंतलेला असतो.

पण संग्रहालयाचा खरा हंगाम पौषातला. यमाईची यात्रा भरते तेव्हा माणदेशातून, खटावातून, कृष्णाकाठाहून माणसे लोटतात. डोंगर चढणारा प्रत्येक जण संग्रहालयात शिरतो असे नव्हे. पुष्कळ जण देवीचे करून उतरताना टेकतात, सावली पाहतात, मग कोणी तरी म्हणते, 'चला, राजाची चित्रं बघू.' त्या शब्दांत मला औंधचा सगळा इतिहास दिसतो. इमारत सरकारची झाल्याला किती तरी वर्षे झाली, चित्रे काढणारे दुसरेच होते. पण लोकांच्या तोंडी ती राजाची चित्रे.

यात्रेकरूंबरोबर दालने पाहणे हा अनुभव तज्ज्ञांबरोबर पाहण्यापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो. तज्ज्ञ आधी खालची पाटी वाचतो. यात्रेकरू चित्रातल्या माणसाची ओळख पटवतो. रविवर्म्याच्या चित्रांपुढे तर ओळख पटवावीच लागत नाही. या चित्रकाराने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत जाऊन बसल्या. रविवर्मा १९०६ साली वारला, पण त्याचे चेहरे तीन-चार पिढ्यांच्या डोळ्यांत ठसले. त्यामुळे मूळ तैलचित्रापुढे उभी राहिलेली बाई नव्या वस्तूपुढे उभी नसते. माहेरच्या भिंतीवरचे कुणी तरी भेटावे तशी ती पाहते. एका वर्षी मूरच्या शिल्पापुढे दोन बायका बराच वेळ उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, 'लेकरू कसं घट्ट धरलंया बघ.' आधुनिक शिल्पकलेवरची जाडजूड पुस्तके मी चाळली आहेत. त्या शिल्पाविषयी याहून नेमके काही मला त्यांत सापडले नाही.

बाळासाहेबांचे छंद अनेक. 'चित्ररामायण' त्यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केले. वेरूळ-अजिंठ्याला चित्रकार घेऊन गेले, तिथल्या कामावर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला पाठबळ दिले. पंडित सातवळेकरांना औंधात आश्रय दिला. सूर्यनमस्कारांचा तर त्यांनी इतका ध्यास घेतला की संस्थानातल्या शाळांत पोरांना त्यातून सुटका नव्हती. त्या काळच्या एखाद्या म्हाताऱ्याला बाळासाहेबांविषयी विचारले, तर रविवर्म्याच्या आधी त्याच्या तोंडी सूर्यनमस्कार येत आणि हात नकळत कमरेकडे जाई.

असो. मला ज्या गोष्टीकडे वळायचे आहे ती निराळी आहे. संग्रहालय बांधले ते वर्ष १९३८. त्याच वर्षाच्या अखेरीस या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य-घटना अमलात आली. तिच्यामागे राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, बंगलोरची नोकरी सोडून आलेला मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनियर होता आणि गांधीजींचा सल्ला होता. रचना खालून वर जाणारी होती: गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा, तालुक्यांतून संस्थानची. महसुलाचा मोठा वाटा गावाकडे ठेवायचा. अवघ्या बहात्तर गावांचे हे संस्थान, आणि तीही सलग नव्हेत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. नकाशावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे हे राज्य. ब्रिटिश हिंदुस्थानात प्रौढ मतदानाची नुसती चर्चा चालू असताना या शिंतोड्यांवर शेतकरी आपले पंच निवडत होते.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची खुली वसाहत याच काळात निघाली. तिला भिंत नाही, पायांत बेड्या नाहीत. कैद्याने बायकामुलांसह राहावे, शेत करावे. पुढे १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला, तेव्हा त्या कथेचे मूळ कुठले हे आटपाडीकडच्या माणसांना कुणी सांगावे लागले नाही. कथा ग. दि. माडगूळकरांची होती आणि ते तर औंधच्याच शाळेत शिकलेले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांनी 'बनगरवाडी'त याच राजाला धनगरांच्या तालमीच्या उद्घाटनाला आणून उभे केले आहे. कुंडलच्या बाजूला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे भूमिगत वावरत होते, आणि संस्थानची हद्द हा त्यांना मोठा आडोसा होता.

मग १९४८ उजाडले. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत सातारा-सांगली-कोल्हापूरच्या मुलखात ब्राह्मणांची घरे पेटली. ज्या संस्थानाने गांधींच्या सल्ल्याने राज्य प्रजेला दिले होते, त्याच्या गावांनाही ती आग चुकली नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' त्या दिवसांचीच. त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, ८ मार्चला, दक्षिणेतली संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली आणि औंधची घटना, तिच्या पंचायती, तिची लोकसभा, सारे नऊ वर्षांचे होऊन संपले. बाळासाहेब १९५१ साली वारले. आज आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत, गुणदाळ कर्नाटकात. त्या बहात्तर गावांना एकत्र बांधणारी कोणतीही कचेरी उरलेली नाही.

म्हणूनच, हे संग्रहालय औंधातून हलवून एखाद्या शहरात न्यावे, असे कोणी सुचवले की मला स्वस्थ बसवत नाही. तसे म्हणणारी माणसे मला भेटली आहेत आणि ती दुष्ट नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की चित्रांना हवा-पाण्याची काळजी लागते, अभ्यासकांना सोय लागते, आणि आडगावी येणार कोण? या प्रश्नाचे उत्तर यात्रेच्या दिवशी डोंगरावर उभे राहिल्यास मिळते. शिवाय जवळचा दाखला आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी हयातभर खपून जमवलेल्या कागदपत्रांचे आणि चित्रांचे संग्रहालय साताऱ्यात १९२५ साली झाले. दुसऱ्याच वर्षी पारसनीस गेले. आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे त्याची व्यवस्था चांगली झाली, संशोधकांचे कल्याण झाले, याबद्दल वाद नाही. पण तो संग्रह सातारकरांच्या बोलण्यातून गेला. शाळेतल्या पोराला तो आपल्या गावचा आहे असे सांगावे, तर दाखवायला हाताशी काही नाही. कागद टिकले आणि त्यांच्याभोवतीचे गाव सुटले.

चित्रांची निगा राखू नये असे मी म्हणत नाही. ती राखलीच पाहिजे, आणि आहे त्याहून दक्षपणे. परंतु निगेसाठी डॉक्टर घरी आणता येतो, रोग्याला दर वेळी परगावी न्यावे लागत नाही.

औंधला आठवण ठेवण्याची आणखी एक रीत आहे, तिचा उल्लेख या दिवसांत केला पाहिजे. कोजागिरी उलटली की आश्विन वद्यात औंधला संगीत महोत्सव होतो. औंध दरबारचे गायक अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. त्यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली हा उत्सव सुरू केला आणि पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी तो वाढवला. दरबार गेला, बिदागी देणारा राजा गेला, पण उत्सव चालूच राहिला. मोठमोठे गवई इथे येऊन गातात, आणि ऐकायला पुण्या-मुंबईच्या रसिकांशेजारी पटकेवाले शेतकरीही बसलेले असतात. रात्र चढत जाते. बाहेर थंडी नुकती पडू लागलेली असते, घरोघर दिवाळीची झाडलोट चाललेली असते.

गेल्या खेपेस त्या उत्सवाला गेलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी डोंगर चढलो. दालनांत फारसे कोणी नव्हते. आटपाडीकडून आलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला हाताशी धरून हिंडत होते. बाळासाहेबांचे नाव लिहिलेल्या पाटीपुढे ते थांबले आणि पोराला म्हणाले, 'ह्या राजानं आपल्या गावात तुझ्या पणज्याला पंच केलं.' पोराने विचारले, 'राजानं केलं, का गावानं निवडलं?' म्हातारबा जरा थबकले. मग म्हणाले, 'गावानं. राजानं निवडू दिलं.' आणि दोघे पुढच्या दालनात गेले.