शांततेची किंमत

शांतता आणि हिंसा या विषयावर बोलण्यासाठी व्याख्यानमालेच्या चालकांनी एका कामगार कार्यकर्त्याला बोलवावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संप म्हटला की दगड आणि दगड म्हटला की युनियनवाला, अशी सांगड लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. मी पंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते चाळीजवळच्या मोफत वाचनालयात आणि कारखान्यांच्या दारांवर. तेव्हा हिंसेचे समर्थन होऊ शकते काय, या प्रश्नाची तात्त्विक चर्चा मी करणार नाही. कामगारांच्या इतिहासातील दोन प्रसंग आपल्यापुढे ठेवणार आहे. त्यांवरून मी जो निष्कर्ष काढला तो पटतो की नाही, हे आपण ठरवावे.

पण हा प्रश्न मला का छळतो, ते आधी सांगितले पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचा संप चालू होता. एके दिवशी सकाळी नवी माणसे घेऊन एक बस दारात आली. कोणीतरी दगड मारला. काच फुटली, ड्रायव्हरच्या कपाळाला खोक पडली. दगड मारणारा गर्दीतून निसटला. पोलिसांनी धरले ते मांडवात पुढे बसलेल्या पाच जणांना, कारण त्यांची नावे सर्वांना ठाऊक होती. सहा वर्षे ते कोर्टाच्या तारखांना जात होते. आदल्या संध्याकाळच्या द्वारसभेत, ‘बस आत जाता कामा नये’, असे गरजून सांगणारा मी होतो. आणि सकाळी मी तेथे नव्हतो. त्या पाचांपैकी एकाची बायको मला म्हणाली, “भाऊ, भाषण तुमचं आणि तारखा आमच्या.”

याच अर्थाचे बोल १९१८ साली अहमदाबादेत एका थोर माणसाला ऐकावे लागले होते, हे पुढे माझ्या वाचनात आले. पहिला प्रसंग तो.

१९१७ साली अहमदाबादेत प्लेग पसरला. कामगार गावाकडे पळू नयेत म्हणून गिरणीमालकांनी विणकरांना भरघोस प्लेग बोनस दिला. साथ ओसरताच तो बंद करण्याचे ठरले. पण महायुद्धाने चढलेले भाव काही उतरले नव्हते. कामगारांनी प्रथम ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांपुढे जाईनात. गांधीजींनी हिशेब तपासून ३५ टक्के हा वाजवी आकडा ठरवला. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या त्यांच्या सख्ख्या भगिनी अनसूयाबेन, असा हा लढा होता. २२ फेब्रुवारी १९१८ रोजी टाळेबंदी झाली. ३५ टक्के मिळेपर्यंत कामावर जायचे नाही, दंगा करायचा नाही, कोणाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही, अशी शपथ कामगारांनी घेतली आणि ती पाळली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे.

तीन आठवड्यांत घरातले दाणे संपले. मालकांनी २० टक्क्यांवर येणाऱ्यांना दारे उघडली आणि माणसे डळमळू लागली. एका चाळीत कामगारांना सभेला बोलवायला गेलेल्या कार्यकर्त्याला ऐकावे लागले की, गांधीजींना आणि अनसूयाबेनना काय होते, ते मोटारीतून येतात-जातात, पोटभर जेवतात, मरण आमचे आहे. हे कानी आल्यावर गांधीजींनी त्या माणसांना कृतघ्न ठरवले नाही. १५ मार्चला त्यांनी स्वतः उपवास सुरू केला. १८ मार्चला तोड निघाली: पहिल्या दिवशी शपथेप्रमाणे ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी मालकांच्या शब्दाप्रमाणे २० टक्के, पुढे लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाने अखेर ३५ टक्केच दिले. १९२० मध्ये अहमदाबादचे मजूर महाजन उभे राहिले.

हा शांततेचा निर्भेळ विजय होता काय? स्वतः गांधीजींना तसे वाटले नाही. मालकांशी आपला स्नेह होता, त्यामुळे आपल्या उपवासाचा त्यांच्यावर दबाव पडला, हा दोष त्यांनी उघडपणे कबूल केला. अहिंसेतही बळजबरी शिरू शकते, हे तिच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्याने मान्य केले आहे. पण त्या चाळीतल्या माणसाचा आक्षेप त्यांनी खोडून काढला तो शब्दांनी नव्हे. उपदेश करणाऱ्याने किंमत स्वतः मोजली.

दुसरा प्रसंग मुंबईचा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातील खलाशांनी अन्न नाकारले. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या आणि पगारातला भेद यांविरुद्ध तो संप होता. दोन दिवसांत तो बंदरातील जहाजांवर आणि इतर बंदरांत पसरला. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला लष्कराने वेढा घातला आणि गोळीबार झाला; आतल्या खलाशांनीही गोळीने उत्तर दिले. नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर, अशी धमकी अॅडमिरल गॉडफ्रे यांनी दिली. खलाशांची उपासमार होऊ नये म्हणून साधी माणसे अन्नाची पुडकी घेऊन गेटवेच्या धक्क्यावर गेली.

२२ तारखेला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून गिरण्या बंद पडल्या. परळ, लालबाग, डिलाईल रोड येथे रस्त्यांवर अडथळे उभे राहिले, दगड आले, जाळपोळ झाली; आणि लष्करी गाड्यांतून गोळ्या सुटल्या. त्या दिवसांत शहरात २०० हून अधिक माणसे मेली, हजारावर जखमी झाली. परळला कमल दोंदे ही कार्यकर्ती गोळीने गेली. माझे आजोबा तेव्हा गिरणीत साच्यावर होते. चाळीतला एक पोरगा काय चालले आहे ते बघायला नाक्यावर गेला तो परतलाच नाही, हे ते आम्हाला सांगत; आणि दर वेळी शेवटी म्हणत, “त्याच्या हातात काही नव्हतं रे.”

वल्लभभाई पटेलांनी खलाशांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला. जिनांनीही तोच दिला. कोणावर सूड उगवला जाणार नाही असे आश्वासन मिळाले. २३ तारखेला सकाळी जहाजांवर काळे निशाण चढले. गांधीजींनी या हिंसेचा निषेध केला. हिंसेसाठी झालेली हिंदु-मुसलमानांची एकी त्यांना अशुभ वाटली. अरुणा असफअलींना मात्र दोन्ही समाज घटनेच्या वाटाघाटींपेक्षा रस्त्यावरच्या लढ्यात लवकर एक होतील असे वाटत होते.

बरोबर कोण? खलाशांनी इंग्रजांना घालवले, असे आमच्या चळवळीत अभिमानाने सांगतात. परंतु तीन मंत्र्यांचे शिष्टमंडळ पाठवण्याची घोषणा अॅटलींनी संपाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीला केली होती. तिचे श्रेय २२ तारखेच्या रक्ताला देता येत नाही. आणि रस्त्यावरची ती एकी सहा महिन्यांतच विरली: ऑगस्टमध्ये कलकत्ता पेटले, सप्टेंबरमध्ये मुंबईत त्याच रस्त्यांवर सुरे चालले. एकदा सुटलेला हात कोणावर पडेल, हे हाक देणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना दिलेला शब्द पाळला गेला नाही. शेकडो खलाशी पकडले गेले, बडतर्फ झाले. पुढे भारत स्वतंत्र झाला, पाकिस्तान झाले. पण दोहोंपैकी कोणत्याही नौदलाने त्यांना परत घेतले नाही. त्यांनी शांततेचा सल्ला मानला आणि तिची किंमतही त्यांनीच दिली.

यावरून माझे मत असे झाले आहे. कॅसल बॅरॅक्समध्ये अंगावर गोळ्या येत असता ज्याने बंदूक उचलली, त्याला या मांडवात बसून दोषी ठरवणे मला जमणार नाही. नाक्यावर दगड उचलणाऱ्या भुकेल्या माणसाचा संतापही मी समजू शकतो. परंतु पुढारी म्हणून ज्याचा शब्द चालतो, त्याला हिंसेचे समर्थन करण्याचा अधिकार मी देत नाही. कारण तो खर्च करतो ते प्राण बहुधा दुसऱ्याचे असतात. आणि हाच नियम शांततेचा उपदेश करणाऱ्यालाही लागू आहे. ‘शांत राहा’ असे सांगणाऱ्याने मागणीचे ओझेही खांद्यावर घेतले पाहिजे, आणि दिलेला शब्द सूडाच्या वेळी उभे राहून राखला पाहिजे. नाहीतर पुढच्या वेळी त्याचे कोणी ऐकणार नाही, आणि तो दोष ऐकणाराचा नसेल.

मी अजून द्वारसभा घेतो, अजून गरजतोही. फक्त त्या बसनंतर एक नियम केला आहे. संध्याकाळी जे बोलायचे, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारात सर्वांच्या पुढे उभे राहायचे. त्या बाईंच्या बोलण्याला हे पुरते उत्तर नाही, हे मी जाणतो. पण तेव्हापासून भाषणात मी कोणते शब्द वापरतो, यात पुष्कळ फरक पडला आहे.