अमृताचा थेंब आणि धरणाचं पाणी

सिंहस्थ जवळ आला की ती कथा पुन्हा फिरते: अमृताचे थेंब चार ठिकाणी सांडले, प्रयाग, हरिद्वार, उज्जैन आणि आपलं नाशिक-त्र्यंबक. मी महाभारतातलं समुद्रमंथन काढून वाचलं. मंथन आहे, अमृताचा कलश आहे; नाशिकचा थेंब मात्र नाही. ती जोड नंतरची. ‘सिंहस्थ’ हे नाव आलंय पंचांगातून: साधारण 12 वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो.

म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही. पण 2015 ला दुष्काळ असताना शाहीस्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडावं लागलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. जिच्यात अमृत सांडलं म्हणतो, त्या गोदावरीत स्वतःचं वाहतं पाणी का नाही? 2027 च्या स्नानांआधी हे विचारायलाच हवं.