भोवऱ्यावरचे कलम

शिक्षकाच्या पेशात एक मोठी गैरसोय आहे. दिवसातून अनेकदा त्याला फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ करावी लागते. आपला चेहरा आपण आरशात पाहतो. पण माथ्यावरचा भोवरा ज्याचा त्याला कधी दिसत नाही, तो मागे बसणाऱ्यांना दिसतो. माझ्या भोवऱ्याभोवतीचे केस विरळ झाल्याचे वर्तमान नववीच्या वर्गाला केव्हापासून ठाऊक होते, कोण जाणे. मला ते न्हाव्याने मागून दुसरा आरसा धरला तेव्हा समजले. तेव्हापासून केशरोपण करून घ्यावे की नाही, हा प्रश्न मनात घोळत आहे. इतिहासाच्या शिक्षकाला कोणताही विचार मागे जाऊनच करावा लागतो. तो आज आपल्यापुढे करतो.

भोवऱ्याची जागा तशी मानाची. आपल्याकडे शेंडी ठेवीत ती येथेच. आणि आमच्या कॅथलिक पंथात धर्मसेवेची दीक्षा घेणाऱ्याचे केस कापीत, तेही बहुधा येथलेच. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली तो विधी रद्द केला. रोमचा ज्यूलियस सीझर मात्र या जागेबाबत फार हळवा होता. चरित्रकार स्वेटोनियस सांगतो की, तो माथ्यावरचे विरळ केस ओढून पुढे विंचरीत असे, आणि मिळालेल्या सर्व सन्मानांत नित्य पर्णमुकुट धारण करण्याचा हक्कच त्याला अधिक प्रिय होता. ईजिप्तमधील सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसात टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर यांच्या चरबीचा लेप सांगितला आहे. तेव्हापासून बाटलीतले द्रव्य बदलत गेले. आश्वासन तेच राहिले.

लेपाने केस येत नाहीत, तर ते एका जागेचे दुसऱ्या जागी नेता येतील काय? या प्रश्नाची एक वाट आपल्या पुण्यावरून जाते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक पत्र छापून आले. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, पुण्याजवळील एका विटा पाडणाऱ्या जातीतील कारागिराने कपाळाची कातडी उलटवून नवे नाक करून दिल्याची ती हकीकत होती. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया केली. पुढे ती अनेक ठिकाणी होऊ लागली. तिच्यात एक गोष्ट जपावी लागते. कपाळ अरुंद असेल आणि केसांच्या रेषेपलीकडली कातडी त्या तुकड्यात आली, तर नव्या नाकावर केस उगवतात. कातडीने जागा बदलली तरी स्वभाव बदलला नाही!

आमच्या कोकण-गोव्याच्या माणसाला याचे नवल वाटू नये. रायवळाच्या खुंटावर हापुसाची काडी बांधली, तर फळ हापुसाचेच येते. केसांचे कलमही तसेच. मात्र ते सिद्ध व्हायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. जपानी त्वचावैद्य शोजी ओकुदा यांनी १९३९ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. पोकळ, गोल पात्याच्या हत्याराने केसांसह कातडीच्या बारीक चकत्या काढून त्यांनी त्या भाजलेल्या माथ्यांवर आणि भुवयांच्या जागी बसविल्या. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि ते जपानी लेखन पश्चिमेत कोणी वाचले नाही. १९४२ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी दाखविले की, वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना असे टक्कल पडत नाही. घराण्यात टक्कल असलेल्या अशा पुरुषाला पुरुषी अंतःस्राव टोचला, तर मात्र ते पडू लागते. म्हणजे टक्कल पडायला आनुवंशिकता आणि पौरुष दोन्ही लागतात. माझ्यासारख्यांना एवढेच समाधान!

मग १९५२ साली न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी टकलावर प्रथम कलम केले. पुढच्या प्रयोगांत त्यांनी मागच्या दाट भागाची चकती टकलावर आणि टकलाची चकती दाट भागात बसविली. टकलावर गेलेले केस वाढत राहिले. दाट रानात गेलेली चकती उजाडच राहिली. केस राहत्या जागेचे नव्हे, तर जन्मजागेचे ऐकतात, हा सिद्धान्त त्यांनी १९५९ साली छापला. आजचे सारे केशरोपण त्यावर उभे आहे. त्या काळच्या चकत्या सुमारे ४ मिलिमीटरच्या असत, त्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे झुपक्या-झुपक्यांचे दिसे. केस मुळात एक ते चारच्या जुडग्यांत उगवतात, हे हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये वर्णिले. ती जुडगी सूक्ष्मदर्शकाखाली सोडवून लावण्याची पद्धत लिमर यांनी १९९४ मध्ये मांडली. २००२ च्या सुमारास एकेक जुडगे सुट्टे काढण्याची रीतही प्रसिद्ध झाली, आणि झुपके गेले.

मग अडचण कोठे आहे? ती भोवऱ्यातच आहे. कपाळावरचे केस कौलांसारखे एकमेकांवर निजतात, म्हणून थोडक्यांत काम भागते. भोवऱ्याचे केस मध्यापासून चहूकडे फिरत जातात आणि मध्य उघडाच राहतो. तेथे कलमे किती घातली तरी पुरत नाहीत. आणि डोक्याच्या मागचा साठा तर आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार कलमांचा. शिवाय टक्कल कडेकडेने पसरत जाते. लावलेले केस आपल्या जन्मजागेचे ऐकून राहतात, शेजारचे मात्र निघून जातात. मग उरते मधोमध एक बेट आणि भोवती पाणी. ज्या गुणामुळे कलम जगते, तोच गुण येथे नडतो.

हे सर्व मला एका डॉक्टरांनी शांतपणे समजावून दिले. लावलेले केसही काही आठवड्यांत गळतात, मग तीन-चार महिन्यांनी उगवतात; भोवऱ्यावर पुरता परिणाम दिसायला वर्षाहून अधिक लागते, असेही ते म्हणाले. त्यांनी घाई केली नाही, हे मला आवडले. घाई करणारे पुष्कळ आहेत. नुसत्या कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून हे शिक्षण पुरे होत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली लिहून सांगावे लागले. डॉक्टरांनी आधी काही महिने औषध घेऊन पाहा म्हटले, आणि वडिलांची, मामांची छायाचित्रे आणायला सांगितली. पाणी कोठवर चढणार, याचा अंदाज घराण्यावरून थोडा बांधता येतो.

मी पेटी उघडली. मामांचे एकच छायाचित्र, तेही टोपीतले. वडिलांची सात-आठ निघाली, पण सारी समोरून काढलेली. पाठमोरे एकच आहे. बहिणीच्या लग्नात चर्चच्या वरच्या सज्ज्यातून कोणी तरी ते टिपले आहे. वडील मुलीचा हात धरून वेदीकडे चालले आहेत, वय बावन्न, आणि माथ्यावर चहाच्या बशीएवढे काही तरी चकाकते आहे. आई म्हणते, तो खिडकीतून पडलेला उजेड आहे. छायाचित्र मी पाकिटात घालून ठेवले आहे. येत्या शनिवारी ते डॉक्टरांना दाखवायचे आहे.